नवा ‘गिगाबिट’ राउटर म्हणून गळ्यात मारलेला जुना डबा

फायबरचं कनेक्शन घेतलंय आणि राउटर बाहेरून विकत घ्यायचा विचार आहे, असे जे कोणी असतील त्यांनी हे आधी वाचावं. नाशिकमधल्या एका दुकानदाराने आम्हाला वापरलेला राउटर नव्या खोक्यात घालून, नवा आणि गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, म्हणून विकला. पैसे परत मिळाले, पण तक्रार अजून चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. नावापेक्षा त्याची रीत कळणं जास्त गरजेचं आहे, कारण तीच रीत तुमच्या गावातला दुसरा कोणी वापरत असेल.

आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. नेटवाल्यांनी भिंतीवर बसवून दिलेल्या डब्याला वायफाय होतं, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात वायफाय, आणि २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की मुलीचा ऑनलाइन क्लास अडखळायचा, आणि आतल्या खोलीत सासऱ्यांच्या टीव्हीवर नुसतं चक्र फिरत बसायचं. म्हणून कमी गर्दीच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा वेगळा राउटर घ्यायचं ठरलं.

दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली. एक ‘३००’ चं, दोन अँटेनांचं, साडेतेराशेला. दुसरं ‘१२००’ चं, चार अँटेना, सव्वीसशे. तिसरं वायफाय ६ चं, म्हणजे पुढच्या पिढीच्या वायफायचं, ‘१५००’, साडेतीन हजारांच्या आसपास. मग तिन्हींची तुलना त्याने इतक्या सराईतपणे सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आपल्याच फायद्याचं बोलतोय. पहिला ‘तुमच्या कामाचा नाही’, तिसरा ‘तुमच्या मोबाइलला चालणारच नाही, पैसे फुकट’, म्हणून मधला.

तिसऱ्याबद्दल तो बोलला ते तर साफ खोटं. वायफाय ६ चा राउटर जुन्या मोबाइललाही चालतो. जुना मोबाइल त्याच्या जुन्याच पद्धतीने जोडला जातो, इतकंच. पण आम्हाला मधला पुरेसा होता हेही खरं, म्हणून त्यावर मी वाद घातला नाही. मी विचारलं ते एवढंच: याचे पोर्ट, म्हणजे तार लावायच्या जागा, गिगाबिटचे आहेत का? प्लॅन २०० चा आहे, १०० चा पोर्ट नको.

तो म्हणाला, “१२०० म्हणजे गिगाबिटच की ताई. हजाराच्या वरच झालं ना!”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते मी त्यानंतर आणखी दोन जणांकडून ऐकलंय. १२०० या आकड्याचा पोर्टशी काडीचाही संबंध नाही. २.४ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, या दोन्हींची बेरीज ११६७, ती गोल करून १२०० छापतात. वायफाय ६ च्या १५०० मध्येही तसंच, ३०० अधिक १२०१. शिवाय तुमचा एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. आणि हे सगळं राउटर ते मोबाइल या हवेतल्या अंतराचं. भिंतीतून येणारी तार राउटरच्या ज्या पोर्टात जाते, तो १०० चा असेल तर हवेत ८६७ असून उपयोग शून्य. ‘१२००’ लिहिलेले कितीतरी राउटर बाजारात १०० च्या पोर्टांचे आहेत, आणि त्यांच्या कंपन्या तसं खोक्यावर बारीक अक्षरात लिहितातही. ते वाचून घेतलं तर फसवणूक नाही. १०० चा पोर्ट गिगाबिट म्हणून खपवणं ही मात्र नक्कीच फसवणूक.

आमच्या खोक्यावर मात्र खरोखरच गिगाबिट पोर्ट छापलेलं होतं. मी ते वाचलं, नवऱ्याने वाचलं. खोकं सीलबंद होतं. मग दुकानदार म्हणाला, “सेटिंग करून देतो, घरी जाऊन नुसती पिन लावायची. त्याचे पैसे घेत नाही.” खोकं घेऊन तो आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने हातात राउटर घेऊन बाहेर आला, काउंटरवर चालू केला, नवऱ्याच्या मोबाइलवर जोडून दाखवला. वायफायच्या माहितीत ‘लिंक स्पीड ८६६ एमबीपीएस’ दिसत होतं. “बघा, ८६६! अजून काय पाहिजे?” राउटरच्या पोटावरचं स्टिकर दाखवून त्याने नवऱ्याला फोटोही काढायला लावला, पासवर्ड विसरू नये म्हणून. तो फोटो पुढे त्याच्याच अंगलट आला.

बिलाच्या वेळी पुन्हा तेच नेहमीचं: पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि ठरलेली किंमत ही ठरलेली किंमत असते, असं मी म्हटल्यावर त्याने बिल फाडलं, पण त्यावर लिहिलं काय, तर ‘वायफाय राउटर, १ नग’. मॉडेल लिहा म्हटलं तर “खोक्यावर आहेच की”. पैसे यूपीआयने दिले.

घरी सगळं छान चाललं. क्लास अडखळेना, टीव्ही अडकेना. आणि इथेच या फसवणुकीची खरी खुबी आहे. ५ गिगाहर्ट्झ मिळाल्याने घर खूश होतं, आणि वेगाची चाचणी घेतली तर ९३-९४ एमबीपीएस येतात. नव्वदच्या पुढचा आकडा कोणाला वाईट वाटेल? महिन्याला २०० चे पैसे भरून वर्षानुवर्षं ९४ वर चालणारी घरं मला आता आमच्याच सोसायटीत माहीत झाली आहेत. पण एक खूण आहे. वायफायचा वेग कधी एका जागी थांबत नाही, राउटरजवळ जास्त, आत कमी, असा हलत राहतो. आमचा आकडा राउटरशेजारी उभं राहिलं तरी ९४ आणि दारात गेलं तरी ९४. आकडा असा ९४-९५ वर गोठला तर समजावं की कुठेतरी १०० चा अडथळा आहे. १०० चा पोर्ट व्यवहारात तेवढंच देतो.

मी नेटवाल्यांकडे तक्रार केली. त्यांनी पाठवलेला मुलगा विशीतला असेल, पण काम चोख. त्याने आधी लॅपटॉप थेट भिंतीवरच्या डब्याला तारेने जोडला. २०० च्या वर. म्हणजे लाइन ठीक. मग मधली तार तपासली, कारण १०० वर अडकण्याचं दुसरं कारण तार असू शकतं: गिगाबिटला तारेतले आठही पदर लागतात, १०० ला चारच पुरतात, आणि घाईत चारच पदर लावलेल्या पिना पुष्कळ असतात. आमच्या तारेत आठही होते. तरी त्याने स्वतःकडची नवी तार लावून बघितली. ९४.

मग त्याने राउटर उलटा धरला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला म्हणाला, “ताई, पोर्टात बघा. आत सोनेरी तारा किती दिसतात?” पिन खुपसायच्या त्या खोबणीत वरच्या बाजूला बारीक सोनेरी पट्ट्या असतात. चार होत्या. मधल्या काही आणि कडेच्या दोन जागा रिकाम्याच, नुसतं काळं प्लास्टिक. “याला आठ पाहिजेत. हा शंभराचाच आहे. खोक्यावर काय पण लिहू दे.” पुढे तो असंही म्हणाला की काही १०० च्या पोर्टांतही आठ पट्ट्या असतात, त्यामुळे आठ दिसल्या म्हणजे गिगाबिट असं नाही. पण चार दिसल्या तर तो गिगाबिट नाही, यात शंकाच नको. एवढी सोपी परीक्षा कोणत्याही दुकानात, पिन न लावता, उभ्या उभ्या करता येते. मला ती तोवर कोणीच सांगितली नव्हती, म्हणून इथे मुद्दाम सविस्तर लिहितेय.

पोटावरच्या स्टिकरचा एक कोपरा थोडा उचललेला होता. नखाने ओढल्यावर तो हळूहळू निघाला, आणि खाली दुसरं स्टिकर. त्यावर एका इंटरनेट कंपनीचं नाव, वेगळंच मॉडेल, आणि बॉलपेनने लिहिलेला कोणाचा तरी फ्लॅट नंबर. म्हणजे हा राउटर कोणाच्या तरी घरी वर्षानुवर्षं चालला, कनेक्शन बंद झाल्यावर कंपनीकडे परत न जाता भंगारात किंवा दलालाकडे गेला, तिथे पुसूनपासून वरती नवं स्टिकर डकवलं. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि राउटरवरचा अनुक्रमांक वेगळे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो तर तिथेही खोक्याशी न जुळणारा मॅक ॲड्रेस (प्रत्येक राउटरचा स्वतःचा ओळख क्रमांक), आणि भिंतीकडच्या पोर्टापुढे स्पष्ट लिहिलेलं: १०० एमबीपीएस.

त्याच सेटिंगमध्ये एक पान होतं, ज्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. टीआर-०६९ नावाची सोय असते. तिच्यामुळे इंटरनेट कंपनी दूर बसून आपल्या ग्राहकाच्या राउटरची सेटिंगं बदलू शकते, नवं सॉफ्टवेअर टाकू शकते. कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकासाठी ती ठीकच. पण आमच्या राउटरमध्ये ती चालू होती आणि तिथे जुन्या कंपनीचा पत्ता तसाच होता. ज्यांच्याशी आमचा काही संबंध नाही, त्यांच्यासाठी आमच्या घराचं दार उघडं. आमचं बँकेचं काम, मुलीचे क्लास, दारावरचा कॅमेरा, सगळं त्याच डब्यातून जात होतं. वेग अर्धा मिळाला याचा राग येतो, पण याची भीती वाटते. वापरलेला राउटर स्वस्तात मिळतो म्हणून जाणूनबुजून घेणाऱ्यांनीही हे पान बघावंच. आधी मागच्या बाजूचं रिसेटचं बारीक बटण दाबून तो पूर्ण पुसावा, मग हे पान पुन्हा उघडावं. कंपनीसाठी बनवलेल्या राउटरमध्ये हा पत्ता पुसल्यावरही परत येऊ शकतो, आणि आमच्यात तो आलाच.

दुकानात गेलो तेव्हा उत्तर तयार होतं. “सील फुटलेला माल आम्ही परत घेत नाही.” सील त्यानेच फोडलं होतं. “लाइनवाले कंपनीचा राउटर विकायला असं सांगतात.” आणि शेवटी सरळ आरोप: “तुम्हीच घरचा जुना डबा आत घालून आणला असेल. मी कशावरून मानू?” आतल्या खोलीत नेऊन ‘फुकट सेटिंग’ करून देण्याचा उद्देश हाच. खोकं नजरेआड उघडलं की आत काय होतं याचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही. चार गिऱ्हाइकांसमोर आम्हाला चोर ठरवताना त्या माणसाचा आवाज जराही हलला नाही, आणि ते माझ्या मनातून अजून जात नाही.

पण नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. दुकानाच्या काउंटरवर, मागे त्यांच्या शेल्फची खोकी दिसतायत, वेळ आणि तारीख यूपीआयच्या वेळेशी जुळतेय, आणि स्टिकरवरचा अनुक्रमांक तोच जो आमच्या हातातल्या राउटरवर होता. खोक्यावरचा नव्हे. राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन्ही अनुक्रमांक मेलने पाठवले. त्यांनी लेखी कळवलं की राउटरवरचा क्रमांक खोक्यावरच्या मॉडेलचा नाहीच. फोनवर बोलून सोडून दिलं असतं तर हे हातात आलं नसतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळाला, दुकानदाराने उत्तर दिलं नाही. मग मी स्वतः रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २ मधला ४७ वा खंड, अनुचित व्यापारी प्रथा. जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं हे त्यात थेट आहे. बिल न देणंही आहे. आणि तिसरी गोष्ट, जी दुकानातल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली उभं राहून आपण सगळेच विसरतो: सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं नोटिशीत लिहिलं, सोबत फोटो, कंपनीचा मेल, यूपीआयची नोंद.

नोटीस पोचल्यावर फोन आला. आवाज बदललेला. “ताई, एवढ्याशा गोष्टीला नोटीस कशाला?” पैसे यूपीआयने परत आले. राउटर परत देताना मी कागद लिहून नेला: अनुक्रमांक, खालचं जुनं स्टिकर, १०० चे पोर्ट, आणि हा माल परत केला अशी पोच. सही करायला तो तयार नव्हता. सहीशिवाय राउटर देणार नाही म्हटल्यावर केली. पैसे मिळाले तरी जुना माल नवा म्हणून विकल्याची तक्रार मी मागे घेतलेली नाही, कारण आतल्या खोलीत तसे आणखी डबे असणारच.

दुसरा राउटर दुसरीकडून घेतला, वायफाय ६ चा. दुकानदाराला सुरुवातीलाच सांगितलं की खोकं माझ्यासमोर काउंटरवर उघडायचं, मी मोबाइलवर चित्रण करणार. तो म्हणाला, करा की. प्रामाणिक माणसाला यात काही अडचण नसते. पोर्टात टॉर्च टाकून बघितलं. खोक्यावरचा आणि पोटावरचा अनुक्रमांक ताडला. बिलावर मॉडेल, त्यापुढची आवृत्ती आणि अनुक्रमांक लिहून घेतला. आवृत्तीचं महत्त्व फार जणांना माहीत नसतं: एकाच नावाच्या मॉडेलच्या व्ही १, व्ही २, व्ही ३ अशा आवृत्त्या निघतात आणि आतला माल बदलतो, त्यामुळे नावावरून शोधून वाचलेली माहिती वेगळ्याच आवृत्तीची असू शकते. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक सेवेचा नंबर हे छापलेलं असावंच लागतं. ते नसेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

अँटेनांच्या संख्येवर जाऊ नका, एवढं आणखी सांगते. माझ्या भावाने सहा अँटेनांचा एक स्वस्त राउटर घेतला होता. बिघडल्यावर मोबाइल दुरुस्तीवाल्याने तो उघडला, तर दोन अँटेनांतून एकही तार निघत नव्हती, नुसत्या प्लास्टिकच्या कांड्या बसवलेल्या. ‘तीन हजार चौरस फूट’ वगैरे जे लिहिलेलं असतं तेही आपल्या काँक्रीटच्या भिंतींत धरून चालू नये. ५ गिगाहर्ट्झ वेग देतो पण भिंत ओलांडताना लवकर दमतो. आमच्याकडे हॉलमध्ये पूर्ण २०० येतात आणि आतल्या खोलीत कमी, म्हणून सासऱ्यांच्या टीव्हीला सरळ तार ओढून दिली. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या पासवर्डाच्या सुरक्षेची नवी पद्धत) आहे का तेवढं बघा, आणि कंपनी त्या मॉडेलला अजून सॉफ्टवेअरची सुधारणा देते का हे तिच्याच संकेतस्थळावर तपासा. बाकी रकाने दुकानदाराला बोलायला दिलेले आहेत.

ज्यांनी गेल्या महिन्याभरात राउटर घेतलाय त्यांनी आजच पोर्टात टॉर्च टाकून बघा आणि दोन्ही अनुक्रमांक ताडा, कारण सदोष माल परत करण्याचे ते ३० दिवस हां हां म्हणता संपतात.